दोन बास कशाला?

जाझच्या मैफलीत सर्वांत मोठे वाद्य ज्याच्या हातात असते, त्याच्याकडेच सर्वांत कमी लोक बघतात. माणसाच्या उंचीचे, चार तारांचे, उभे धरून वाजवायचे ते लाकडी धूड म्हणजे डबल बास. (नावात 'डबल' असले तरी वाद्य एकच असते, हे आधीच सांगून टाकतो, पुढे घोटाळा नको.) सॅक्सोफोनवाला पुढे येतो, ट्रम्पेटवाला गाल फुगवतो, टाळ्या त्यांना पडतात. बासवादक पाठीमागे उभा राहून प्रत्येक मात्रेला एकेक खर्जाचा स्वर टाकीत राहतो. तो थांबला तर सारा डोलारा खाली येईल. पण तो चालू असेपर्यंत तो आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. अशा माणसाच्या शेजारी आणखी एक तसाच माणूस आणून उभा केला, तर त्याला काय म्हणावे? आमच्या बोलीत 'बास' म्हणजे 'पुरे'. माझा खोलीमित्र म्हणाला, "एका बासवर बास नाही का झाले?"

नाही झाले, असे माझे मत आहे आणि ते मांडण्यासाठीच हा लेख. ज्या ध्वनिमुद्रणांत दोन बासवादक आहेत ती जाझमधली चूष नव्हे. दुसरा बासवादक म्हणजे जादा माणूस नव्हे. उलट दुसरा आला की पहिला ऐकू येऊ लागतो, हे ज्याला पटवून घ्यायचे असेल त्याने पुढे सांगितलेल्यांपैकी एखादी तबकडी तरी ऐकावी.

हा असला विषय मला सुचला कसा, हे थोडक्यात सांगतो. गेल्या वर्षी आमच्या इंग्रजीच्या सरांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय कवी शिकवताना 'जाझ' हा शब्द तीन-चार वेळा उच्चारला आणि ते पुढे गेले. वर्गातल्या पुष्कळांनी समजल्यासारख्या माना हलवल्या. ज्यांच्या घरातून आजवर कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, त्यांना ही मान हलवण्याची कला जरा उशिरा येते. मी वसतिगृहावर येऊन तो शब्द मोबाइलवर शोधला आणि ऐकत बसलो. इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगणे जरूर आहे. डबल बासची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात. इतका खालचा स्वर उमटवायचा तर पुष्कळ हवा हलवावी लागते आणि मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरमध्ये ती ताकद नसते. म्हणजे ज्याने जाझ फक्त मोबाइलच्या स्पीकरवर ऐकले, त्याने बासवादकाला जवळजवळ ऐकलेलेच नाही! इअरफोन लावा, मग जमिनीखालून कोणीतरी चालल्यासारखे वाटू लागते. तो बास.

आता दोन बासवर जो आक्षेप घेतात त्यात तथ्य आहे, हे कबूल केले पाहिजे. खालच्या सप्तकातले दोन जवळजवळचे स्वर एकदम वाजले की ते एकमेकांत मिसळून गढूळ होतात. वरच्या पट्टीत दोन बासऱ्या सुखाने नांदतात. खर्जात दोघांची दाटी होते. शिवाय बासवर लय तोललेली असते. दोघांची बोटे तारेवर केसभर मागेपुढे पडली की मात्रेची कडा बोथट झालीच. म्हणून एका संचात एकच बास हा रिवाज पडला आणि तो शहाणपणाचाच होता. परंतु ज्यांनी रिवाज मोडला त्यांनी हा धोका ओळखूनच मोडला, हे आक्षेप घेणारे विसरतात.

रिवाज पहिल्यांदा ठळकपणे मोडणाऱ्यांत ड्यूक एलिंग्टन आहे. १९३५ नंतर काही वर्षे त्याच्या वाद्यवृंदात बिली टेलर आणि हेझ अल्व्हिस असे दोन बासवादक होते. त्या काळी बासचा आवाज वाढवायला विजेची सोय नव्हती. पितळी वाद्यांच्या एवढ्या मोठ्या ताफ्याखाली एकट्याचा खर्ज दबून जाणार. दोघांनी मिळून पाया जड करायचा, एवढेच ते काम असावे. खरी गोष्ट पुढची आहे. १९३९ च्या शरद ऋतूत सेंट लुइस शहरात एलिंग्टनला जिमी ब्लँटन नावाचा मुलगा सापडला. वय जेमतेम एकवीस. त्याने बासवर जे केले ते तोवर कोणी केले नव्हते. तो बासवर चक्क गाणे म्हणत असे. एलिंग्टनने त्याला तत्काळ घेतले, पण टेलरला काढले नाही. काही काळ दोघे शेजारी-शेजारी उभे राहिले. मग बॉस्टनच्या मुक्कामात भर कार्यक्रमात टेलरने आपले वाद्य आवरले आणि तो निघून गेला. या पोराच्या शेजारी उभे राहून मी माझी शोभा करून घेणार नाही, अशा अर्थाचे काही तो बोलल्याचे एलिंग्टनने आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे.

हा किस्सा नेहमी ब्लँटनच्या थोरवीसाठी सांगतात. ब्लँटन थोर होताच; १९४२ साली क्षयाने तो गेला तेव्हा अवघा तेवीस वर्षांचा होता आणि तेवढ्या अवधीत त्याने बास या वाद्याची सारी पुढची वाट आखून दिली होती. पण मला हा किस्सा टेलरच्या बाजूने वाचावासा वाटतो. टेलर कच्चा वादक नव्हता. चार-पाच वर्षे त्या वाद्यवृंदाचे ओझे त्याने वाहिले होते. त्याला कोणी जा म्हटले नाही. तरीही शेजारी दुसरा आला म्हणजे आपण आता उरलो नाही, असे त्याला वाटले. जागा एक आणि माणसे दोन, तर त्यातला एक राखीव, हा हिशेब त्याच्या मनात इतका पक्का बसला होता! 'राखीव' या शब्दाचे दोन्ही अर्थ माझ्यासारख्याला कॉलेजात आल्यावर चांगलेच कळतात. म्हणून टेलरचा राग मला येत नाही.

पण हा हिशेबच खोटा असू शकतो. माझे आईवडील दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मुकादमाच्या वहीत त्या दोघांची नोंद 'एक कोयता' अशी होते. वडील ऊस तोडतात, आई मोळ्या बांधते. कामे वेगळी, घाम वेगळा, नोंद मात्र एक. आणि दोघांतले एकच गेले तर तो 'अर्धा कोयता'. दोन बासच्या तबकड्या ऐकताना मला त्या वहीची आठवण होते. वरवर ऐकणाऱ्याला एकच 'खर्ज' ऐकू येतो. नीट कान दिला तर तोडणारा निराळा आणि बांधणारा निराळा असे दोन हात वेगळे होतात.

हे सर्वांत लख्ख दिसते ते ऑर्नेट कोलमनच्या 'फ्री जाझ' या ध्वनिमुद्रिकेत. २१ डिसेंबर १९६० रोजी न्यूयॉर्कमध्ये ती मुद्रित झाली. कोलमनने चौघांचा एक संच न घेता चौघा-चौघांचे दोन संच एकाच खोलीत उभे केले आणि सुमारे ३७ मिनिटे सलग वाजवून घेतले. तबकडीच्या एका बाजूवर ते मावेना, म्हणून मधेच तोडून दुसऱ्या बाजूवर न्यावे लागले. मुद्रण स्टीरिओ आहे: एक संच डाव्या कानात, दुसरा उजव्या. डावीकडे बासवर स्कॉट लाफारो, उजवीकडे चार्ली हेडन. या ध्वनिमुद्रिकेवर 'डाउन बीट' या जाझच्या मासिकाने १९६२ च्या जानेवारीत दोन परीक्षणे शेजारी-शेजारी छापली. एका परीक्षकाने पाचपैकी पाच तारे दिले, दुसऱ्याने एकही दिला नाही. आपल्या परीक्षकांनी गुण देताना असे धैर्य दाखवले तर निकालाच्या दिवशी मोठी मौज येईल.

त्या वादात मी आज पडत नाही. नुसते दोन बास ऐका. लाफारो मूळचा क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवणारा. अठराव्या वर्षी, कॉलेजात संगीत शिकायला जाताना तिथे एखादे तंतुवाद्य शिकणे सक्तीचे म्हणून त्याने बास हाती घेतला. आणि सहा-सात वर्षांत तो अमेरिकेतील अव्वल बासवादकांत जाऊन बसला. (सक्तीच्या विषयांबद्दल कुरकुर करणाऱ्या आमच्या वर्गबंधूंनी याची नोंद घ्यावी.) त्याची बोटे सारखी वरच्या पट्टीकडे धावतात, बास हे जड वाद्य आहे हे जणू त्याला कोणी सांगितलेच नव्हते. हेडन त्याच्या अगदी उलट. आयोवातल्या गाणाऱ्या कुटुंबातला हा मुलगा दोन वर्षांचा असल्यापासून घरच्यांबरोबर रेडिओवर गात असे. पंधराव्या वर्षी पोलिओ झाला, आवाज गेला आणि तो बासकडे वळला. तो थोडे वाजवतो, खाली वाजवतो, आणि एकेक स्वर असा ठेवतो की जणू तोच शेवटचा आहे.

अशा दोघांना एकाच खोलीत उभे केले तर एकाने दुसऱ्याला खाऊन टाकायला हवे होते. ब्लँटन-टेलरचा न्याय लावला तर हेडनने वाद्य आवरून घरी जायला हवे होते. तो गेला नाही. अर्ध्याहून अधिक वाजवून झाल्यावर सॅक्सोफोन-ट्रम्पेट मागे सरतात, आणि आधी हेडन, मग लाफारो, असे दोघे पुढे येतात. हेडनचे बोलणे चालू असताना लाफारो गप्प नसतो. तो वरून बारीक नक्षी काढीत राहतो. लाफारोची पाळी येते तेव्हा हेडन खालून जमीन धरून ठेवतो. एका कानातले बोंडूक काढून पाहा, मग दुसऱ्या कानातले. एकटा लाफारो ऐकला तर तो अधांतरी वाटतो. एकटा हेडन ऐकला तर तो कोणाची तरी वाट पाहतो आहे असे वाटते. दोन्ही कान जोडा, आणि हेडनच्या साध्या स्वराला केवढे वजन आहे ते कळते. एरवी हे वजन मला कळले नसते, कारण एकटा बास मी मागे असलेला म्हणूनच ऐकला असता. या मुद्रणानंतर सात महिने होण्याच्या आत, ६ जुलै १९६१ रोजी, लाफारो मोटार-अपघातात गेला. वय २५. हेडन २०१४ पर्यंत जगला.

जॉन कोल्ट्रेनने दोन बास घेतले ते निराळ्या हेतूने. २५ मे १९६१ रोजी मुद्रित केलेल्या 'ओले' या सुमारे अठरा मिनिटांच्या रचनेत रेजी वर्कमन आणि आर्ट डेव्हिस असे दोघे बासवर आहेत. मूळ चाल स्पॅनिश लोकगीताची. सारा वेळ खाली एक तीनमात्रांचे चक्र फिरत राहते आणि मध्येच एका ठिकाणी दोन्ही बास उघडे पडतात: एक बोटांनी तार छेडतो आहे, दुसरा सारंगीसारखा गज ओढतो आहे. गजाचा बास इतका वर चढतो की नवखा माणूस त्याला बास म्हणायला तयार होणार नाही. गढूळपणाच्या आक्षेपाला हे साधे उत्तर आहे: दोघांनी एकच काम करू नये. एकाने लय धरावी, दुसऱ्याने स्वर ताणावा.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॅनगार्ड' या तळघरवजा क्लबात कोल्ट्रेनने 'इंडिया' नावाची रचना वाजवली. पुढे १९६३ मध्ये ती 'इम्प्रेशन्स' या ध्वनिमुद्रिकेत निघाली. बासवर वर्कमन आणि जिमी गॅरिसन. स्वरांची उलाढाल जवळजवळ नाहीच. सारा डाव एका आधारस्वरावर. आपल्याकडे ख्याल गाणाऱ्याच्या मागे दोन तंबोरे का असतात, हे ठाऊक असलेल्याला ही रचना पटकन कळते. एका तंबोऱ्याच्या झंकारात जी फट पडते ती दुसरा भरून काढतो, आणि गायकाच्या पायाखालची सतरंजी कधी संपत नाही. कोल्ट्रेन त्या काळात रविशंकरांच्या ध्वनिमुद्रिका कान देऊन ऐकत होता. १९६५ साली झालेल्या मुलाचे नाव त्याने रवी ठेवले. म्हणून लगेच 'हे सारे मुळात आपलेच' असे म्हणून पाठ थोपटून घ्यायची आपल्याला सवय आहे; ती इथे कामाची नाही. तंबोरा झिजेल पण आपला सूर सोडणार नाही. हे दोन बास आधारस्वर सोडतात, एकमेकांना खिजवतात, पुन्हा परत येतात. बैठक आपल्यासारखी आहे, वागणूक त्यांची आहे.

या आर्ट डेव्हिसविषयी मात्र थोडे अधिक लिहिल्यावाचून मला पुढे जाववत नाही. कोल्ट्रेनच्या १९६५ च्या 'असेन्शन'मध्येही गॅरिसनबरोबर दुसरा बास याचाच आहे. जाझचे इतिहास त्याला बहुधा दोनांतला एक म्हणूनच ओळखतात. वस्तुतः हा माणूस पाश्चात्त्य अभिजात संगीतातही तितकाच तयार होता. न्यूयॉर्क फिलहार्मोनिक हा त्या शहराचा नामांकित वाद्यवृंद. तिथे कृष्णवर्णीय वादकांना डावलले जाते, अशी तक्रार डेव्हिस आणि अर्ल मॅडिसन नावाचा चेलोवादक यांनी १९६९ मध्ये शहराच्या मानवी हक्क आयोगाकडे केली. पडद्याआडून वाजवू द्या, कोण वाजवतो ते न बघता कानांनी निवडा, असे त्यांचे म्हणणे होते. १९७० मध्ये निर्णय आला. कायम नेमणुकांबाबतचा आरोप आयोगाने मानला नाही. बदली वादक बोलावताना मात्र भेदभाव होत असल्याचे म्हटले. डेव्हिसला ती जागा मिळाली नाही, आणि तक्रारखोर म्हणून नाव झाल्यावर इतर कामेही आटली. तेव्हा तो पुन्हा विद्यापीठात गेला आणि १९८२ मध्ये मानसशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आला. पुढे तो रुग्णही तपासत असे आणि बासही वाजवीत असे. २००७ मध्ये तो वारला.

गुणवत्तेची भाषा आमच्या कॉलेजातही कानांवर पडते. बहुधा ती ज्यांना पडद्याची गरज पडत नाही अशांच्या तोंडी असते. डेव्हिस गुणवत्तेला भ्याला नव्हता. आधी ऐका, एवढेच तो म्हणत होता. 'ओले'मधला तो बासचा तुकडा हा त्या मागणीचा सज्जड पुरावा आहे, आणि तो तक्रारीच्या आठ वर्षे आधीच जगापुढे होता.

दोन बासची सगळीच मुद्रणे मला सारखी आवडतात असे नाही. डेव्ह हॉलंड आणि बार फिलिप्स यांनी १९७१ मध्ये बाकी कोणालाही न घेता केवळ दोन बासांवर एक अख्खी ध्वनिमुद्रिका केली. धाडस मोठे, पण सबंध ऐकायला माझ्याहून चिवट कान लागतात. माइल्स डेव्हिसच्या १९६९ च्या मुद्रणांत, म्हणजे 'बिचेस ब्रू'मध्ये, हॉलंडच्या जोडीला हार्वे ब्रुक्सचा विजेचा बास आहे. तिथे इतके काही एकदम चाललेले असते की दोघांना वेगळे काढणे हाच एक उद्योग होऊन बसतो. रे ब्राउन, जॉन क्लेटन आणि ख्रिश्चन मॅकब्राइड यांनी १९९० च्या दशकात तिघांचा 'सुपरबास' काढला. तो ऐकायला झकास आहे, परंतु त्यात थोडी 'बघा, आम्हीही करू शकतो' अशी ऐट आहेच.

त्याच रे ब्राउनचे १९७७ चे माँत्रोचे मुद्रण मात्र वेगळे. पियानोवर ऑस्कर पीटरसन आणि सोबत दोन बास. ढोलताशा काही नाही. ब्राउनने १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वर्षानुवर्षे पीटरसनच्या संचात बास वाजवला होता. नील्स-हेनिंग ओर्स्टेड पेडरसन हा डेन्मार्कचा वादक त्याच जागेवर नंतर आलेला, वयाने वीस वर्षांनी लहान आणि बोटांनी विजेसारखा. म्हणजे एकाच खुर्चीचा जुना धनी आणि नवा धनी एका रंगमंचावर! टेलरला जे साधले नाही ते ब्राउनला साधले. तो त्या तरुणाशी धावण्याची शर्यत लावतच नाही. तरुण शंभर स्वर वाजवतो. ब्राउन अशा जागी एक स्वर टाकतो की त्या शंभरांना मात्रा सापडते. या मुद्रणात थोडी चढाओढही आहे. पण चढाओढीत दोघेही हरले नाहीत, असे क्वचित ऐकायला मिळते.

शेवटी पुन्हा कोलमनकडे येतो, कारण तोही पुन्हा तिथेच आला. २००५ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत, त्याने जर्मनीत एक मैफल केली. ती २००६ मध्ये 'साउंड ग्रामर' या नावाने निघाली आणि २००७ चे पुलित्झर पारितोषिक तिला मिळाले. ड्रमवर त्याचा मुलगा डेनार्डो. आणि बास दोन. ग्रेग कोहेन तार छेडतो, टोनी फलांगा गज ओढतो. कामाची वाटणी इतकी स्वच्छ आहे की कोणालाही पहिल्या ऐकण्यात दोघे वेगळे कळतात. पारितोषिक देणाऱ्यांनाही ती स्वच्छता भावली असेल. मला मात्र १९६० ची अडचणीची वाटणी अधिक जवळची वाटते. तिथे दोघेही मुख्यतः बोटांनीच वाजवतात, दोघांच्या हातांत तेच वाद्य, कोणी कुठे जायचे हे आधी ठरलेले नाही, आणि तरीही ३७ मिनिटे ते एकमेकांच्या पायांवर पाय देत नाहीत.

ज्यांना ऐकायचे असेल त्यांनी 'ओले'ने सुरुवात करावी, 'फ्री जाझ'ने करू नये. नाही तर जाझला आणि मला एकदमच शिव्या बसतील. ज्यांच्याजवळ इअरफोन नाहीत त्यांनी वसतिगृहावर यावे, माझे देईन. त्यांची उजवी बाजू जरा खरखरते. हेडन नेमका त्याच बाजूला आहे, तेव्हा वायर कानाजवळ चिमटीत घट्ट धरून ठेवावी लागते.